विश्लेषण : घरात उजेड हवा, पण ऊन नको! चार्ल्स कोरियांनी हे गणित कसे मांडले?

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल... हार्बर मार्गावरच्या या वसाहतींत भर दुपारी फेरी मारली, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असते आणि आत स्वयंपाकघरात ट्यूबलाइट चालू असते. पश्चिमेच्या खोलीत जाड पडदे ओढलेले असतात, एसी सुरू असतो आणि पडद्यांमुळे अंधार होतो म्हणून दिवाही लागलेला असतो. सूर्य फुकट देतो तो उजेड आपण बाहेर अडवतो आणि विकतचा आत लावतो. विमानतळामुळे पनवेल परिसरात टॉवरची रांग लागली असताना हा प्रश्न थेट वीजबिलाचा आहे. ज्या माणसाने या प्रश्नावर आयुष्यभर काम केले, त्याच्याच कागदावरच्या रेघांतून हे शहर उभे राहिले, हा योगायोग मात्र अनेकांना ठाऊक नसतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांना जाऊन दशक उलटले. त्यांचा जीवनप्रवास आणि त्यांचे प्रकाशाचे गणित यांचा हा आढावा.

चार्ल्स कोरिया कोण होते?

मूळच्या गोव्याच्या कुटुंबात १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबईत, सेंट झेवियर्समध्ये. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड होते. रुळांचे आराखडे कागदावर काढता काढता नकाशा वाचायची सवय लागली, असे ते पुढे सांगत. १९४९ मध्ये ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे बकमिन्स्टर फुलर यांच्यासारखे शिक्षक लाभले. त्यानंतर एमआयटीत पदव्युत्तर शिक्षण झाले. तिथला त्यांचा प्रबंध म्हणजे शेजारवस्ती कशी सुधारावी यावरचा एक छोटा अ‍ॅनिमेशनपट होता.

ते अमेरिकेत होते तो काळ महत्त्वाचा आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला लिव्हर हाऊस ही इमारत पूर्ण झाली. चारही बाजूंनी बंद काच, आत वातानुकूलन आणि छतात ट्यूबलाइटच्या ओळी. तोवर कार्यालयाची रुंदी खिडकी ठरवत असे, कारण खिडकीपासून फार लांब बसलेल्या कारकुनाला अक्षर दिसत नसे. ट्यूबलाइट आणि एसी या जोडीने ते बंधन काढून टाकले. इमारत कितीही जाड करा, मधल्या भागाला यंत्राने उजेड आणि हवा पुरवता येते, हा विचार तिथून जगभर पसरला. तेल स्वस्त होते, तोवर त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो मागितला गेला.

कोरिया यांनी ही वास्तुकला अगदी जवळून पाहिली. मात्र भारतात परतून १९५८ मध्ये मुंबईत स्वत:चा व्यवसाय सुरू केल्यावर त्यांनी पहिल्या मोठ्या कामातच वेगळी वाट धरली.

काचेशिवाय संग्रहालय कसे उभे राहिले?

ते काम होते अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे. तेव्हा कोरिया अठ्ठावीस वर्षांचे होते. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. सहा मीटर बाय सहा मीटरचे एकसारखे चौक, विटांचे खांब, वर उतरती कौले. काही चौक भिंतींनी बंद, काही उघडे, मध्ये पाण्याचे एक कुंड. या इमारतीत काचेची खिडकी नाही. उजेड आणि वारा दोन्ही येतात ते फिरवता येणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या झडपांतून. पट्टी तिरकी केली की ऊन अडते आणि परावर्तित मंद प्रकाश आत येतो.

कोकणातल्या किंवा पनवेलच्या जुन्या घरात वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. ओटी, पडवी, झडपांच्या खिडक्या आणि माजघरात उजेड यावा म्हणून कौलांत बसवलेले एखादे काचेचे कौल. त्यातून जमिनीवर पडणारा आणि दिवसभर सरकत जाणारा कवडसा. ही सगळी व्यवस्था उजेड आत घेण्याची आणि ऊन बाहेर ठेवण्याचीच होती. कोरिया यांचे वेगळेपण असे, की परदेशात शिकून आल्यावर त्यांनी याला मागासलेपण न मानता तंत्रज्ञान मानले आणि त्यामागचा नियम शोधला. (माजघरे अंधारी असत, धुराने कोंदलेलीही असत, हेही विसरायला नको. जुने ते सगळे सोने, असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते.)

‘ट्यूब हाऊस’ म्हणजे काय?

नाव ऐकून ट्यूबलाइट आठवेल, पण संबंध उलटा आहे. गुजरात गृहनिर्माण मंडळाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला कमी खर्चाच्या घरांसाठी देशपातळीवर स्पर्धा घेतली. कोरिया यांच्या आराखड्याला पहिले पारितोषिक मिळाले. घराची रुंदी अवघी ३.६ मीटर आणि लांबी १८ मीटरच्या आसपास. एखाद्या नळीसारखे. दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला लागून असल्याने खिडकीला जागाच नाही. मग उजेड आणि हवा कुठून आणायची?

कोरिया यांनी उत्तर छतात शोधले. छत तिरके ठेवले, सर्वात उंच जागी फट ठेवली. तापलेली हवा हलकी होऊन छताच्या उताराने वर सरकते व फटीतून निघून जाते. तिच्या जागी दाराजवळच्या झडपांतून ताजी हवा ओढली जाते. घराच्या मध्यात एक छोटा उघडा चौक ठेवला, तिथून उजेड येतो. पंखा किंवा दिवा न लावता दिवस काढता येईल असे हे घर गरिबांसाठी होते. १९६२ मध्ये ते नमुन्यादाखल बांधले गेले आणि १९९५ मध्ये पाडले गेले.

पुढे अहमदाबादेतच पारेख यांच्या घरासाठी त्यांनी हा विचार आणखी पुढे नेला. एकाच घराचे दोन काप. एक खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे आकाशाकडे कमीत कमी तोंड असलेला, उन्हाळ्याच्या दुपारसाठी. दुसरा नेमका उलटा, वर उघडत जाणारा. हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळसाठी. माणसाने ऋतू व प्रहर पाहून घरातल्या घरात जागा बदलायची. आपल्याकडे पूर्वी उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर झोपत, त्याचेच हे शिस्तशीर रूप.

पण एकच उत्तर सगळीकडे चालते का?

नाही, आणि कोरिया यांच्या कामाचा गाभा इथे आहे. अहमदाबादची हवा कोरडी, त्यामुळे तिथे जाड भिंती आणि लहान झरोके चालतात. मुंबई-पनवेलची हवा दमट. इथे वारा वाहता राहिला नाही तर सावलीतही घाम सुटतो. त्यामुळे उघडे भाग मोठे हवेत. पण मोठ्या उघड्या भागातून ऊन येते आणि रायगडचा पाऊसही.

सूर्याची वाट पाहिली की पेच कळतो. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे मध्यान्ही बरोबर डोक्यावर असतो. मधल्या काळात तर तो किंचित उत्तरेला जातो. दुपारचे हे उंच ऊन दक्षिण-उत्तरेच्या खिडकीवरून एक छज्जा सहज अडवतो. पण सकाळचे व संध्याकाळचे ऊन पूर्व-पश्चिमेकडून तिरके, जवळजवळ आडवे येते. छज्जा कितीही पुढे काढा, ते त्याच्या खालून आत शिरते. अडचण अशी, की मुंबईचा वारा पश्चिमेचा, समुद्राचे दर्शन पश्चिमेला आणि पावसाचा माराही नैर्ऋत्येकडूनच. म्हणजे जिकडे खिडकी हवी, तिकडेच ती नको!

ब्रिटिशकालीन बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता. मुख्य खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळायचा. ऊन-पाऊस व्हरांड्यात थांबतो, उजेड आणि वारा पुढे जातो. कोरिया यांनी हा व्हरांडा आकाशात नेला. मुंबईच्या कंबाला हिलवरील कांचनजंगा ही ८४ मीटर उंच इमारत १९७० ते १९८३ या काळात साकारली. अठ्ठावीस मजले, ३२ सदनिका. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बागेसारखी मोकळी गच्ची कोरून काढली आहे. ती गच्ची हाच व्हरांडा. या प्रकल्पात त्यांच्यासोबत वास्तुविशारद प्रवीणा मेहता होत्या. ही घरे श्रीमंतांची होती, यावर टीका झाली आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. तत्त्व साधे असले तरी त्यासाठी जागा लागते, आणि मुंबईत जागेइतके महाग काही नाही.

नवी मुंबई आणि पनवेलशी संबंध कसा आला?

जागेच्या या प्रश्नानेच त्यांना शहर नियोजनाकडे नेले. १९६४ मध्ये कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी एक प्रस्ताव मांडला. मुंबई उत्तरेला लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवावे. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाने तो छापला. राज्य सरकारने अखेर तो उचलला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन यात आली. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुविशारद होते. एकाच केंद्राभोवती गर्दी होण्याऐवजी रेल्वेने जोडलेले वेगवेगळे नोड, ही आजही दिसणारी मांडणी त्या काळातली. नवीन पनवेल त्यापैकीच एक नोड.

नकाशावर ३४४ चौरस किलोमीटर सुटसुटीत दिसतात. प्रत्यक्षात ती आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातशेती आणि मिठागरे होती. मोबदल्यासाठीचा लढा, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व आणि जानेवारी १९८४ मधील जासईच्या गोळीबारात गेलेले पाच बळी हा या शहराचा दुसरा इतिहास आहे. नियोजनकारांचे चरित्र लिहिताना तो गाळून चालत नाही.

खुद्द कोरियाही निराश झाले. राज्याची प्रशासकीय राजधानी नव्या शहरात हलेल, तिच्यामागे नोकऱ्या जातील, ही त्यांची अपेक्षा होती. सरकारने नरिमन पॉइंटला भर टाकणे सुरू ठेवले आणि मंत्रालय हलले नाही.

बेलापूरच्या घरांत वेगळे काय होते?

सिडको सोडल्यानंतर कोरिया यांनी सीबीडी बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात एक वसाहत साकारली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखतात. साधारण सहा हेक्टर जागा आणि हेक्टरी ५०० माणसांची घनता. म्हणजे मोकळ्या बंगल्यांची चैन नव्हे, चांगली दाट वस्ती. तरी एकही टॉवर नाही. एक-दोन मजल्यांची घरे, ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड. सात घरे मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचा सामाईक चौक. असे तीन समूह मिळून थोडा मोठा चौक आणि पुढे ही साखळी वाढत जाते.

एक बारकावा पाहण्यासारखा आहे. घरांच्या भिंती शेजारच्या घराला जवळपास कुठेच चिकटलेल्या नव्हत्या. प्रत्येकाला आपल्या भूखंडात थोडे उघडे आकाश मिळाले. त्यामुळे प्रत्येक खोलीला उजेड येतो आणि कुटुंब वाढले की शेजाऱ्याला न विचारता घरही वाढवता येते. बांधकाम गावच्या गवंड्याला जमेल इतके सोपे ठेवले होते. कमी उत्पन्न गटाचे घर आणि थोडे वरच्या गटाचे घर यांच्या भूखंडात फार फरक नव्हता. कोरिया यांच्या मते उष्ण देशात उघडी जागा ही खोलीइतकीच वापरायची जागा असते. वर्षातले कितीतरी तास माणूस अंगणात, ओट्यावर, गच्चीवर काढू शकतो. त्या तासांना दिवाही लागत नाही आणि पंखाही. वीज वाचवण्याचा हा मार्ग कोणत्याही उपकरणापेक्षा स्वस्त आहे, आणि बिल्डरच्या विक्रीयोग्य क्षेत्रफळात तो बसत नाही, हीच त्याची अडचण.

एलईडी आल्यावर हे सगळे जुने झाले का?

हा प्रश्न रास्त आहे. कोरिया यांनी काम सुरू केले तेव्हा पिवळा बल्ब एका वॉटला जेमतेम १२ ते १५ ल्युमेन प्रकाश देई, बाकी सगळी उष्णता. दिवसाचा नैसर्गिक प्रकाश एका वॉटमागे १०० ते १२० ल्युमेन देतो. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी सूर्याची उष्णता बल्बच्या कितीतरी कमी. आज चांगला एलईडी दिवाही वॉटमागे शंभर ल्युमेनच्या आसपास पोहोचला आहे. केंद्राची स्वस्त एलईडी वाटपाची उजाला योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी कोरिया गेले.

तेव्हा नुसत्या दिव्यांच्या बिलापुरते पाहिले तर नैसर्गिक उजेडाची बाजू थोडी लंगडी झाली आहे. २० वॉटची एलईडी ट्यूब दिवसा आठ तास जळली तर ०.१६ युनिट लागतात. पण दीड टनाचा एसी तासभर पूर्ण जोराने चालला तर साधारण दीड युनिट जाते. म्हणजे एसीचा एक तास बरोबर ट्यूबचे नऊ दिवस! खरी उधळपट्टी दिव्यात नाही, उन्हात आहे. पश्चिमेच्या तीन चौरस मीटर साध्या काचेतून एप्रिलच्या दुपारी चारच्या सुमारास दीड किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येऊ शकते. हिवाळ्यात लावायचा हीटर उन्हाळ्यात चालू ठेवावा, तसे हे आहे. मग पडदा ओढला जातो, तरी काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते, उजेड मात्र जातो. दोन्हीकडून तोटा.

कोरिया यांचे गणित इथे अधिकच लागू पडते, कारण त्यांनी उजेड आणि ऊन या दोन गोष्टी सुरुवातीपासून वेगळ्या मोजल्या. सावली काचेच्या बाहेर हवी, आत नव्हे. हैदराबादच्या ईसीआयएल कार्यालयात (१९६५-६८) वरचा मजला खालच्यावर सावली धरतो आणि गच्चीवर जाळीदार मांडव आहे. भोपाळच्या भारत भवनात (१९८२) दालने टेकडीत बसवली आहेत आणि उजेड येतो तो वरच्या काँक्रीटच्या टोपऱ्यांतून व चौकांतून. पणजीच्या कला अकादमीत मांडवाखालचा अर्धा उघडा भाग मांडवी नदीच्या वाऱ्यावर सोडला आहे.

सर्वच कामांत हे साधले असे नाही. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील जीवन भारती इमारतीत त्यांनी भलीमोठी परावर्तक काच वापरली. वर प्रचंड मांडव आहे, पण हवामानाचा धडा म्हणून त्या इमारतीकडे बोट दाखवणे कठीण आहे.

आजचे नियम काय सांगतात?

कोरिया यांनी अनुभवाने मांडलेले बरेचसे आता आकड्यांत आले आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दमट उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतके उघडे भाग हवेत. खिडकीपासून साडेसात मीटरपलीकडचा भाग उजेडाचा धरला जात नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. व्यावसायिक इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आली, निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये. तीही दमट हवामानात उघडता येणारा भाग चटई क्षेत्राच्या १६.६६ टक्के मागते आणि भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालते. अर्थात अशी संहिता राज्याच्या व महापालिकेच्या नियमांत उतरते, तेव्हाच तिला दात येतात.

यातला ‘उघडता येणारा’ हा शब्द घर घेणाऱ्याने नीट वाचावा. आपल्याकडे सर्रास बसवली जाणारी सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. ६०० चौरस फूट चटई क्षेत्राच्या घराला १०० चौरस फूट उघडणारा भाग हवा असेल, तर सरकत्या खिडक्या २०० चौरस फुटांच्या लागतील. तेवढी काच म्हणजे तेवढे ऊन. शिवाय बाल्कनी बंद करून हॉल मोठा करण्याची आपली सवय. त्या बाल्कनीने धरलेली सावली जाते, हॉलचा आतला टोकाचा भाग खिडकीपासून आणखी दूर जातो आणि तिथे दिवसा दिवा लागतो. यात बिल्डरचा दोष थोडा, आपला जास्त.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९८४ मध्ये ब्रिटनचे रिबा सुवर्णपदक, १९९८ मध्ये भोपाळच्या विधान भवनासाठी आगाखान पुरस्कार, २००६ मध्ये पद्मविभूषण. पुण्याची आयुका, जयपूरचे जवाहर कला केंद्र, लिस्बनचे शांपालिमो केंद्र ही कामे याच वाटेवरची. राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते. मुंबईच्या गिरणी जमिनींवर १९९६ मध्ये त्यांच्या समितीने दिलेला अहवाल सरकारने बाजूला ठेवला आणि पुढे तिथे काय उभे राहिले, ते परळ-वरळीत दिसतेच. ऐंशीच्या दशकात त्यांनी एका व्याख्यानाला उन्हातल्या जागेचे नाव दिले होते. २०१० मध्ये निघालेल्या निबंधसंग्रहाचे नाव सावलीतल्या जागेचे होते. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे आराखडे आणि प्रतिकृती त्याआधीच लंडनला रिबाकडे गेल्या होत्या.

पनवेलकरांना मात्र ते पाहायला लंडन गाठण्याची गरज नाही. हार्बर लोकलने बेलापूरला उतरले की आर्टिस्ट व्हिलेज जवळच आहे. बरीच मूळ घरे पाडून तिथे आरसीसीचे मजले चढले आहेत, काही अंगणांवर पत्रे आले आहेत. घर वाढवता यावे, हे तर कोरिया यांनाच हवे होते. वाढलेल्या काही मजल्यांनी शेजारच्या चौकाचा उजेड खाल्ला, हे त्यांच्या नकाशात नव्हते. आठ मीटरचे ते सामाईक चौक बऱ्याच ठिकाणी अजून शाबूत आहेत.